कोरगाव ते इब्रामपूर, गाण्यांसह

४ ऑगस्ट, रविवार. सकाळी ८.

आजपासून रोजनिशी. तेहतीस वर्षं मामलेदारांच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या अर्जांवर नोटिंग केलं, आता स्वतःच्या कामावर करतो.

विषय: सौ.ला इब्रामपूरहून परत आणणे. मुदत: गणपतीची चवथ, म्हणजे सात सप्टेंबर. चौतीस दिवस. भरपूर झाले.

परिस्थिती अशी की, सौ. एक जुलैपासून मोपाच्या विमानतळावर एका फराळाच्या दुकानात कामाला जाते. वय एक्कावन्न. घरात काही कमी नाही, मिक्सरसुद्धा नवीन आहे. राहते भावाकडे, बाबाजीकडे, इब्रामपूरला, कारण कामगारांची बस त्यांच्या दारावरून जाते. कोरगावला फिरकत नाही. लोक विचारतात. मी सांगतो, बसची सोय. कारणही तेच आहे. भांडण वगैरे काही झालेलं नाही.

५ ऑगस्ट, सोमवार. संध्याकाळी.

बाबाजीला फोन. त्या बसमध्ये असं काय सोनं लागलंय, असं सरळ विचारलं. मेव्हणा सरळ उत्तर देईल तर शपथ. आधी पाऊस कसा आहे ते सांगितलं, मग भाताचं. शेवटी म्हणाला, भावोजी, बशीक एसी आसा, सीट मऊ आसा, आनी गाणीं वाजतात. कमलताय गाणीं आयकत वता, हासत येता.

फोन ठेवून शांतपणे तुलना केली. एसी माझ्या गाडीलाही आहे (थंडीत उत्तम चालतो). सीटवर टॉवेल घातला की मऊ. म्हणजे फरक राहिला फक्त गाण्यांचा.

एवढ्याशा गोष्टीसाठी बाई महिना-सव्वा महिना घराबाहेर! आधी बोलली असती तर.

निर्णय: गाडीत गाणी बसवायची. मग मी स्वतः तिला रोज कोरगावहून मोपाला सोडणार आणि आणणार. बसचा प्रश्नच मिटला.

६ ऑगस्ट, मंगळवार.

कपाटात गौरवीचा कॉलेजातला म्युझिक प्लेअर सापडला. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. चार्ज केला, चालतो. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, वस्तू इथे टाकून. आत दोनशे बारा गाणी होती, सगळी जुनी हिंदी, रडकी. पुसून टाकली. नाट्यगीतं आणि अभंग भरले. सौ.ला अभंग आवडतात. निदान मी लावले की ती कधी बंद करा म्हणाली नाही.

गाडीतला स्टिरिओ कंपनीने बसवून दिलेला आहे, ओरिजिनल. रेडिओ आणि सीडी. प्लेअरची वायर घालायला भोक मात्र नाही. पुढून पाहिलं, बाजूने पाहिलं, बॅटरी लावून पाहिलं. हात् तिच्या. सोळा वर्षांपूर्वी लाखो रुपयांची गाडी विकताना एक भोक ठेवायला यांचं काय जात होतं?

९ ऑगस्ट, शुक्रवार.

अर्धी रजा टाकून म्हापशाच्या बाजारात. एफएम ट्रान्समीटर घेतला. तो लायटरच्या भोकात बसतो, प्लेअरची वायर त्याला जोडायची, रेडिओवर ठरावीक आकडा लावायचा, की गाडीतच आपलं स्टेशन. दुकानदार म्हणाला, पाच मिनिटांचं काम. मला दीड तास लागला, कारण मी सूचना वाचून करतो.

लागलं! अंगणात गाडी उभी करून चार पदं ऐकली. शेजारीण जनेलाचा पडदा सारून बघत होती. बघू दे.

काम संपल्यात जमा आहे. उगाच चौतीस दिवस धरले होते.

११ ऑगस्ट, रविवार.

इब्रामपूरची ट्रायल. न कळवता गेलो, सरप्राइज म्हणून.

पेडण्यापर्यंत अभंग. पेडण्यानंतर अभंगात एक माणूस बोलायला लागला. पुढे अभंग गेला आणि माणूस राहिला. डुकरांच्या खाद्याविषयी बोलत होता. आकडा बदलला की दुसरं स्टेशन घुसायचं. हद्दीजवळचा गाव, दोन राज्यांतल्या लाटा तिथे माझ्याच गाडीत भेटत होत्या. बाबाजीच्या दारात पोचलो तेव्हा आवाज फुल आणि विषय डुकरांचं जंताचं औषध.

सौ. ड्युटीवर. रविवारी! बाबाजी येऊन माझ्या शेजारी गाडीत बसला आणि कार्यक्रम शेवटपर्यंत ऐकला. त्याच्याकडे दोन डुकरं आहेत. जाताना म्हणाला, भावोजी, बरी म्हायती मेळ्ळी.

शिरा पडली त्या ट्रान्समीटरवर.

१२ ऑगस्ट, सोमवार.

पेडण्याच्या बाजारात सगुण गाड्यांचं वायरिंग करतो. त्याला दाखवलं. म्हणाला, दत्ताबाब, हो रेडिओ काडून उडय. नवो घाल, ब्लूटूथवालो, अर्ध्या वरांत बसयतां. मी म्हटलं, अर्धा तास लागो की अर्धा दिवस, कंपनीचा माल मी काढणार नाही. तो म्हणाला, मग स्टिरिओच्या पाठीमागे सीडी-चेंजरसाठी एक रिकामा सॉकेट असतो, त्याला बसणारी वायर मागवा. पण लावायला माझ्याकडे या, घरात खोलत बसू नका, असं दोनदा बजावलं.

हे सगळे कारागीर असंच सांगतात. काम सोपं आहे हे गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून. वायर ऑनलाइन मागवली.

१५ ऑगस्ट, गुरुवार. सुट्टी.

९.००. झेंडावंदनाहून आलो. वायर कालच आली आहे. आजच लावतो.

९.२०. सुरक्षेसाठी आधी बॅटरीची वायर काढली. सगुणासारखे लोक हे करत नाहीत.

११.४५. डॅशबोर्डचा समोरचा भाग निघाला. त्याचे दोन हूक तुटले, पण ते बहुधा शोभेचेच होते.

१.३०. वायर सॉकेटला बसली. स्वतः बसवली. मामलेदारांना फोन करून सांगावंसं वाटलं, पण सुट्टी.

२.१०. सगळं परत लावलं. तीन स्क्रू उरले.

२.१५. बॅटरी जोडली. स्टिरिओ चालू केला. पडद्यावर एकच शब्द: CODE.

२.४०. अजून CODE.

जेवलो नाही. डाळ करपली.

१८ ऑगस्ट, रविवार.

पुस्तिका वाचली. बॅटरी काढली की स्टिरिओ समजतो आपली चोरी झाली, आणि मालकाला चार आकडी कोड विचारतो. दहा वेळा चुकला की कायमचा बंद.

मी चोर! माझ्याच अंगणात, माझ्याच गाडीत.

कोड मालकालाच सुचणार, म्हणून शांतपणे बसून घातले. माझं जन्मसाल: चूक. गाडीचा नंबर: चूक. नोकरीला लागलो ते साल: चूक. मग तासभर तो आकडेच घेईना, रुसला. तासाभराने लग्नाची तारीख घातली, एकोणीस मे. चूक. पंधरा मे घालून पाहिली. चूक.

पाच झाले. पाच राहिले. आज थांबतो, धीर धरणं हा माझा गुण आहे.

२० ऑगस्ट, मंगळवार.

गौरवीचा फोन. कोडचं सांगितलं. पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, पप्पा, तो कोड आपण ठरवत नाही, कंपनी देते, गाडीबरोबर कार्ड आलं होतं. आणि तुमचं लग्न एकवीस मेचं.

म्हणजे तारीख बरोबर असती तरी उपयोग नव्हता. हे एक बरं झालं.

मग तिने विचारलं, प्लेअरमधली गाणी आहेत ना. पुसली म्हणून सांगितलं. ती गाणी माझी नव्हती, म्हणाली, आईची होती. मी तिला भरून दिली होती. तुम्ही ऑफिसला गेलात की ती ऐकायची. सत्तावीस वर्षांत तुम्हांला एक गाणं सांगता येईल का, आईला आवडतं ते?

मी म्हटलं, अभंग. ती म्हणाली, पप्पा, ठेवते.

मुली लग्न झाल्यावर तिरसट होतात. जावयाकडून उचललेलं असणार.

२१ ऑगस्ट, बुधवार.

कार्ड घरात नाही. लोखंडी कपाट, देवघर, तांदळाचा डबा, सगळं पाहिलं. कार्डं, पावत्या, गॅरंट्या सौ. ठेवते. कुठे ठेवते हे तिने कधी सांगितलं नाही. मी विचारलं नाही, हा मुद्दा वेगळा.

तिला विचारायचं? तिच्यासाठी चाललेल्या कामात तिलाच विचारायचं म्हणजे नाक कापून घेणं.

२५ ऑगस्ट, रविवार.

देवळात जाऊन कौल लावायचं ठरवलं. आपल्याकडे कुठलंही मोठं काम देवाला विचारल्याशिवाय करत नाहीत. भटजी मूर्तीला पाकळ्या लावतात, गाऱ्हाणं घालतात, उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. साधी पद्धत आहे. प्रश्न लिहूनच नेला: कंपनीचा स्टिरिओ ठेवून कोड सौ.कडे मागावा, की सगुण म्हणतो तसा नवीन घालावा?

भटजींनी कागद वाचला. पुन्हा वाचला. मग म्हणाले, दत्ताबाब, कौल लावतो, पण ह्या वेळेस देवाचं उत्तर मी स्वतः येऊन घरी सांगू काय?

चार माणसं होती देवळात. सगळ्यांनी ऐकलं.

आता लिहावंच लागेल. इथे वाचणारं कोणी नाही.

जूनमध्ये सौ.ला ती नोकरी मिळाली तेव्हा मी म्हटलं, देव हो म्हणाला तर जा. ती तयार झाली. म्हणाली, देव ना म्हणाला तर मी विषय काढणार नाही. तेवीस जूनला मी एकटा जाऊन कौल लावला. पाकळी उजवीकडची पडली. हे मी नाकारत नाही. पण पडताना ती जराशी अडली. मी स्वतः पाहिलं. देव मनापासून हो म्हणत असता तर ती अडली असती का? मी त्या अडण्याचा अर्थ लावला आणि घरी येऊन सांगितलं, डावी. सौ. उठली. विमानतळावर फोन करून नाही म्हणाली, आणि नीर फणसाची भाजी चिरायला बसली. चार दिवस नीट जेवली नाही, पण मला वाढलं.

पाचव्या दिवशी भटजींची बायको, रुक्मिणीकाकी, पेढे मागायला घरी आली. देवान उजवो प्रसाद दिलो मगो, केन्ना वता कामाक?

सौ.ने काकीला चहा दिला. कप विसळला. विमानतळावर परत फोन करून येते म्हणाली. बॅग भरली. मला एक शब्द बोलली नाही, म्हणून मी वर भांडण झालं नाही असं लिहिलं, आणि ते खरं आहे.

२७ ऑगस्ट, मंगळवार.

सौ.ला मेसेज टाकला. ऑफिसच्या भाषेत, म्हणजे भावना आड येणार नाहीत: गाडीच्या स्टिरिओचा कोड क्रमांक कळवावा.

एका तासाने उत्तर. ४४१७.

बाकी काही नाही. पण बघा, चार आकडे पाठ! सोळा वर्षांपूर्वीचं कार्ड, आणि बाईला तोंडपाठ. ज्या माणसाचा राग असतो त्याच्या स्टिरिओचा कोड कोण लक्षात ठेवेल? हे प्रेमाशिवाय होत नाही.

लगेच लांब उत्तर लिहिलं. तब्येत कशी, भात कसं आहे, मिक्सर नीट चालतोय, चवथीला कधी येतेस. दोन निळ्या रेघा आल्या.

रात्रीपर्यंत निळ्याच होत्या.

३१ ऑगस्ट, शनिवार.

कोड बरोबर. पण आवाज नाही. सगुणाकडे गेलोच शेवटी. त्याने डॅशबोर्ड काढून आत बघितलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला हाक मारून दाखवलं. मी वायर सॉकेटात उलटी ठोकली होती म्हणे. वीस मिनिटांत सरळ केली, माझे तीन स्क्रूही त्याने जागच्या जागी लावले.

प्लेअर जोडला. काय आवाज! तबल्यावरचं बोट कळतं. सगुण म्हणाला, आता वैनीक घेवन भोंवडेक वचात. कसलं फिरायला! त्याला कुठलं काय माहीत. की माहीत आहे? कोरगावची बातमी पेडण्याला पोचायला बस लागत नाही.

१ सप्टेंबर, रविवार.

गौरवीने पेन ड्राइव्ह कुरिअरने पाठवला. दोनशे बारा गाणी, तीच. बरोबर चिठ्ठी, एका ओळीची: आईला सांगा मी भरली. अभंग पुसले, गाणी भरली. दोन-तीन ऐकली. इतकी रडकी नाहीत.

प्रवासात बोलायचे मुद्दे काढले. कोरगाव ते इब्रामपूर पाऊण तास, प्रत्येक मुद्द्याला सहा मिनिटं.

एक, घराची सध्याची अवस्था. दोन, गावात होणारी चर्चा. तीन, वय. चार, रोज नेण्या-आणण्याची माझी योजना. पाच, बसमधल्या अनोळखी माणसांबद्दल सावधगिरी. सहा, रुक्मिणीकाकीचा स्वभाव. सात, कौलाबद्दल माफी (गरज पडल्यास).

उत्तम ड्राफ्ट झाला. एकही शब्द काढायला नको.

५ सप्टेंबर, गुरुवार.

बाबाजीचा फोन. कमलताय चवथीला सकाळी येते. देवासाठी. संध्याकाळी परत, दुसऱ्या दिवशी पहाटेची ड्युटी आहे.

देवासाठी, असं म्हणायची पद्धत असते.

गणपतीवरची फळाफुलांची माटोळी एकट्याने बांधली. सुपारीचा घड, कांगलां, तोरिंगण. दोन फळं डोक्यावर पडली. दर वर्षी खाली उभी राहून ती एकेक हातात द्यायची, तेव्हा हे काम किती सोपं वाटायचं.

७ सप्टेंबर, शनिवार. दुपारी ४.

आली. बाबाजीने स्कूटरवरून सोडलं. आल्या आल्या पदर खोचून स्वयंपाकघरात. करपलेलं पातेलं बघितलं, घासलं. नेवऱ्यो, खीर, पाच भाज्या. नैवेद्य दाखवला. आरतीला माझ्या बाजूला उभी राहिली. बारीक झाली आहे. चेहरा मात्र उजळला आहे, हे मान्य करावं लागतं. विमानतळावर सावलीत काम असतं.

विचारलं, गाडीने सोडू? पाऊस लागला होता, बाबाजीकडे पाहुणे. हो म्हणाली.

हो म्हणाली!

टॉवेल सीटवर घातला. मुद्द्यांचा कागद खिशात.

८ सप्टेंबर, रविवार. सकाळी.

सगळं क्रमाने लिहितो.

पावणेसहाला निघालो. कमल पुढच्या सीटवर बसली. पट्टा लावला. मी प्लेअर लावला. पहिलं गाणं सुरू झालं आणि तिने वळून स्टिरिओकडे बघितलं. मग बाहेर बघत गाण्याबरोबर ओठ हलवायला लागली. आवाज काढत नव्हती. इतक्या वर्षांत तिला गाताना मी पाहिलेलं नाही. रस्ता नीट दिसेना, वायपर वाढवला, तो पाऊस नव्हता.

तिने विचारलं, गाणी कोणी भरली?

मी म्हटलं, मी.

का म्हटलं कुणास ठाऊक. गौरवीचं नाव ओठांवर होतं. तिने नुसती मान हलवली. नंतर कळलं, गौरवीने तिला गेल्या रविवारीच फोनवर सांगितलं होतं.

पेडणे सोडलं. तीन गाणी झाली होती. वेळ जात होता आणि सात मुद्दे बाकी होते. आवाज कमी केला आणि पहिला मुद्दा सुरू केला, घराची सध्याची अवस्था.

कमलने हात पुढे केला आणि आवाज वाढवला.

मला वाटलं चुकून. परत कमी केला. म्हटलं, ऐक तर खरं. तिने परत वाढवला, आधीपेक्षा जास्त. रागाने नाही. घरात दिवा लावतात तसं, सहज. बटण कुठलं ते शोधावंही लागलं नाही. मी ओरडून काहीतरी म्हणालो, ते मलाच ऐकू आलं नाही. स्टिरिओ खरंच फार चांगला आहे.

चांदेल, हसापूर, इब्रामपूर. गाण्यावर गाणं. ती बाहेर बघत ओठ हलवत होती आणि मी गाडी चालवत होतो. गाडीत दोन माणसं होती हे बाहेरून बघणाऱ्याला कळलं असतं. मला आत बसून कळत नव्हतं.

दारात उतरली. दार हळू लावलं, पदराचं टोक अडकू नये म्हणून. काचेतून वाकून म्हणाली, थँक यू. टॅक्सीवाल्याला म्हणतात तसं. मग म्हणाली, विसर्जनाला नारळ मोठा घ्या, गेल्या वर्षीचा नासका निघाला होता. आणि गेली.

परत येताना स्टिरिओ बंद केला. पहिला मुद्दा मोठ्याने म्हणून पाहिला, मग दुसरा, तिसरा. पेडणे सोडल्यावर सहावा संपला. कोणी मध्ये बोललं नाही. सहाही मुद्दे बरोबर आहेत. पण स्वतःच्या कानाने ऐकले तेव्हा सहावा संपेपर्यंत मलाच आवाज वाढवावासा वाटला.

संध्याकाळी ७.

विसर्जन केलं. नारळ मोठा घेतला. तळीवर लोक विचारत होते, वहिनी दिसत नाहीत. मी म्हटलं, ड्युटी आहे. बसची सोय म्हणालो नाही.

ती येणार नाही. मला फसवलं म्हणून ती गेली आणि मी तिला गाणी ऐकवत होतो. सातवा मुद्दा पहिला घ्यायला हवा होता, दारातच, गाडी सुरू करण्याआधी, तेव्हा सगळं शांत होतं आणि ती माझ्याकडे बघत होती.

पण माफी गरज पडल्यास असं मीच लिहिलं होतं. आणि दारात मला गरज वाटली नाही.